सुवार्ता सांगायची भीती वाटते तेव्हा

प्रिय भाऊ,

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही २६ वर्षांचे, तालुक्याच्या गावी नोकरी करता आणि दर गुरुवारी संध्याकाळी जवळच्या खेड्यात एका विधवा मावशींच्या घरी प्रार्थनासभा घेता. दीड महिन्यापूर्वी दहा-बारा तरुण दारात आले, मोबाइल समोर धरून "इथे धर्मांतर चालतं" म्हणून ओरडले, ढोलकी अंगणात फेकली आणि "पुन्हा दिसलास तर बघ" असे बजावून गेले. कुणाला इजा झाली नाही, पण त्या दिवसापासून तुमची वाचाच बसली आहे. मंडळीतले (आपल्या चर्चमधले) काही वडीलधारे म्हणतात, भर चौकात उभा राहून संदेश दे, प्रभू सांभाळेल. तुमची पत्नी म्हणते, काही महिने गप्प राहू. आणि तुम्ही विचारता : माझा विश्वास कमी पडला का? पेत्र-पौल या प्रेषितांसारखे धैर्य मी कुठून आणू?

मी ३१ वर्षे पाळकाचे काम करतो आहे, त्यातली बहुतेक नगर जिल्ह्यात आणि मराठवाड्यात, खेड्यापाड्यांत. दारात जमाव येणे म्हणजे काय हे मी अनुभवले आहे, पोलीस ठाण्याच्या बाकावर रात्र काढली आहे आणि भीतीने तोंडाला कोरड पडून संदेश अर्ध्यात सोडून घरी आलो आहे, तेही एकदा नव्हे. त्यामुळे तुमच्या विश्वासाचे माप काढायला मी बसलेलो नाही. भीती वाटली म्हणजे विश्वास आटला, असे मी मानत नाही. करिंथला पौलाला रात्री दृष्टान्तात प्रभूने सांगितले की भिऊ नकोस, बोलत राहा. जो भीतच नाही त्याला "भिऊ नकोस" कोण कशाला सांगेल? त्याच करिंथकरांना पौलाने पुढे पत्रात लिहिले की मी तुमच्याकडे आलो तेव्हा अशक्त होतो, भ्यालेला होतो, थरथरत होतो. इतकी मोठी कबुली त्याने स्वतःच्या हाताने लिहून ठेवली आणि मंडळीने ती दोन हजार वर्षे जपली.

तुमच्या प्रश्नाच्या तळाशी मला दुसराच एक प्रश्न दिसतो. धैर्य म्हणजे नेमके काय, हेच तुमच्यासमोर धूसर झाले आहे. वडीलधारे म्हणतात ते धैर्य म्हणजे आवाज आणि चौक. पत्नी म्हणतात तो शहाणपणा म्हणजे शांतता. या दोहोंच्या मध्ये तुमची ओढाताण होते आहे.

नव्या करारातल्या प्रेषितांच्या कृत्यांचा चौथा अध्याय पुन्हा एकदा सावकाश वाचा. मंदिराच्या दाराशी बसणारा पांगळा उठून चालू लागला, लोक गोळा झाले, पेत्र-योहान बोलू लागले आणि त्यांना पकडून रात्रभर कोठडीत ठेवले. दुसऱ्या दिवशी न्यायसभेने दम दिला आणि सोडले. सुटल्यावर ते सरळ आपल्या माणसांकडे गेले आणि सगळे मिळून प्रार्थनेला बसले. त्या प्रार्थनेत त्यांनी काय मागितले नाही ते आधी पाहा. संरक्षण मागितले नाही. विरोधकांचा नाश मागितला नाही. "त्यांच्या धमक्यांकडे पाहा" एवढे देवाला सांगून धमक्या त्याच्या हवाली केल्या आणि स्वतःसाठी एकच मागणे केले : तुझे वचन पूर्ण धैर्याने बोलता यावे. इथे आपल्या पवित्र शास्त्रात "धैर्य" म्हणून जो शब्द येतो तो मुळात ग्रीक "पर्रेसिया". "सगळे" आणि "बोलणे" या दोन शब्दांची ती जोड आहे. अथेन्सच्या सभेत स्वतंत्र नागरिकाला जे आहे ते मोकळेपणाने बोलायचा जो हक्क होता, त्याला हा शब्द वापरत. म्हणजे काही हातचे न राखता, आडपडदा न ठेवता बोलणे. त्यात आवाजाच्या पट्टीचा संबंध नाही.

हा अर्थ मला धर्मशिक्षणाच्या वर्गात सांगितला गेला होता, पण कळला तो एका आठवडी बाजारात. १९९७ सालची गोष्ट. मी नवा होतो, अंगात जोर होता. आम्ही चौघे बाजारात पत्रके वाटत होतो. पत्रके बाहेरून छापून आली होती, गठ्ठाच्या गठ्ठा, आणि मी ती धड वाचलीही नव्हती. एका वयस्कर गृहस्थांनी एक पत्रक हातात घेतले. गळ्यात तुळशीची माळ, डोळ्यांवर जाड चष्मा. त्यांनी ते शांतपणे वाचले आणि माझ्याकडे परत देऊन म्हणाले, "बाळ, हा तिसरा परिच्छेद मला मोठ्यानं वाचून दाखव. माझी नजर अधू आहे."

त्यांची नजर मुळीच अधू नव्हती. त्या परिच्छेदात आमच्या भागातल्या देवदेवतांची टवाळी होती, तीही हलक्या शब्दांत. मी वाचायला सुरुवात केली आणि दुसऱ्या वाक्याला थांबलो. समोर उभ्या माणसाच्या डोळ्यांत बघून मला ते वाचवेना. ते म्हणाले, "जे तुला माझ्या तोंडावर म्हणवत नाही, ते माझ्या हातात का देतोस?"

तोवर मी स्वतःला धीट समजत होतो. बाजारात उभा राहतो, लोकांच्या शिव्या खातो, म्हणजे प्रभूसाठी सोसतो, असा माझा हिशेब होता. त्या दिवशी कळले की मी ज्या शिव्या खात होतो त्यांतल्या निम्म्या सुवार्तेसाठी नव्हत्याच. दुसऱ्याच्या श्रद्धेवर मागून मारलेल्या खड्यासाठी होत्या. पेत्राने आपल्या पहिल्या पत्रात हा फरक स्पष्ट केला आहे : ख्रिस्ताच्या नावासाठी सोसणे वेगळे आणि नको तिथे ढवळाढवळ करून मार ओढवून घेणे वेगळे. आणि इफिस शहरात पौलाच्या सोबत्यांवर जमाव चालून आला तेव्हा त्यांची बाजू कोणी मांडली? तिथल्या नगराच्या चिटणिसाने. तो ख्रिस्ती नव्हता, अर्तमीच्या देवळाचा अभिमान बाळगणारा होता. तरी भरसभेत तो म्हणाला, या माणसांनी देऊळ लुटलेले नाही आणि आपल्या देवीची निंदाही केलेली नाही. इफिसमध्ये पौल दोन वर्षांहून अधिक काळ रोज शिकवत होता. इतके बोलूनही विरोधी गोटातल्या अधिकाऱ्याला अशी साक्ष देता यावी, याला मी धैर्य म्हणतो.

तेव्हापासून माझा एक नियम आहे. जे मी गावच्या सरपंचासमोर, फौजदारासमोर आणि त्या आजोबांसमोर जसेच्या तसे बोलू शकत नाही, ते मी बंद दाराआडही बोलत नाही. भीती गेली नाही, पण भीतीचा एक मोठा भाग गेला, कारण उघडे पडण्याजोगे काही उरले नाही. मोबाइलवर चित्रीकरण करतात? करू द्या. त्यात काय दिसेल याची मला खात्री आहे.

आता तुम्ही स्वतःला विचारा, प्रामाणिकपणे. त्या गुरुवारी मोबाइल आत आला तेव्हा तुम्ही काय बोलत होतात? कुणाला नोकरीचे, मुलांच्या फीचे, औषधपाण्याचे आमिष सूचित होईल असे काही? "इथे आलात तर आजार जाईल" असे काही? मी तुमच्यावर आरोप करत नाही. पण आपल्या छोट्या मंडळ्यांत हे बोलणे सर्रास चालते आणि मीही त्याला आळा घालायला भ्यालो आहे. आमच्या मंडळीत एक ताई होत्या, मधुमेहाच्या. बाहेरून आलेल्या एका पाहुण्या प्रचारकाने प्रार्थना केली आणि "विश्वास ठेव, गोळ्या सोड" म्हणून सांगितले. ताईंनी गोळ्या सोडल्या. मला हे दुसऱ्याच आठवड्यात कळले, आणि मी पाच आठवडे गप्प बसलो. का? त्या प्रचारकाच्या सभेला आमची निम्मी मंडळी गेली होती, वर्गणी वाढली होती, लोक आनंदात होते. "पाळकालाच विश्वास नाही" असे म्हणतील, ही भीती होती. शेवटी ताईंच्या पायाची जखम चिघळली तेव्हा मी रविवारी उपासनेत उभा राहून सांगितले की प्रार्थना करा आणि गोळ्याही घ्या, ज्याने गोळ्या सोडायला सांगितले ते चुकले, आणि मी गप्प राहिलो ते त्याहून चुकलो. त्या दिवशी माझे गुडघे जेवढे कापत होते तेवढे कुठल्याही जमावासमोर कापले नाहीत. ताई वाचल्या, पण दोन बोटे गेली. ते पाच आठवडे मी आजही विसरलेलो नाही.

म्हणून जे वडीलधारे तुम्हाला चौकात उभे राहा म्हणतात त्यांना माझा आदरपूर्वक प्रश्न आहे की आपल्याच माणसांना नावडते खरे सांगायचे धैर्य आपल्यात आहे का? परक्यांच्या विरोधात उभे राहिल्यावर मंडळी पाठ थोपटते. आपल्यांसमोर उभे राहिल्यावर कोणी थोपटत नाही.

पंडिता रमाबाईंकडे मी या कारणासाठी वारंवार जातो. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले आणि पुढे ते पुण्यात आणले. बालविधवांची शाळा, तिथे कुणावर धर्म लादायचा नाही हा शब्द दिलेला. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे, ज्या मुलींना यावेसे वाटे त्या येऊन बसत. १८९३ साली यावरून पुण्यात वादळ उठले, "केसरी"ने टीकेची झोड उठवली, सल्लागार मंडळातल्या रानडे-भांडारकरांसारख्या मोठ्या माणसांनी राजीनामे दिले, पालकांनी मुली काढून नेल्या. त्या पालकांचा राग मला समजतो. विधवा लेक विश्वासाने सोपवली आणि तिच्या मनाचा कल बदलताना पाहिला तर कुठल्याही बापाचे काळीज हलेल. पण रमाबाईंनी दार लावून घेतले नाही आणि चोरूनही काही केले नाही. काय करते ते उघड करत राहिल्या आणि त्याची किंमत मोजली.

त्यांचे दुसरे धैर्य आपण फारसे सांगत नाही. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्याच्या सरकारी प्लेग इस्पितळात स्त्रियांची जी आबाळ झाली तिच्याविरुद्ध त्यांनी "बॉम्बे गार्डियन"मध्ये जाहीर पत्र लिहिले. राज्यकर्ते ख्रिस्ती, देणगीदार ख्रिस्ती, मिशनरी वर्तुळात ऊठबस. गप्प बसणे सोयीचे होते. त्याआधी इंग्लंडमध्येही आपल्या दीक्षागुरूंशी आणि ज्या मठाने आसरा दिला तिथल्या भगिनींशी त्यांनी श्रद्धेच्या मुद्द्यांवर वाद घातला होता. जे पटले नाही त्याला मान तुकवली नाही. पुण्याला जो बाणेदारपणा सोसवला नाही तो इंग्लंडलाही सोसवला नाही. माझ्या मते पुण्यातले धैर्य आणि इंग्लंडमधले धैर्य एकच होते.

आता तुमच्या पत्नीच्या बोलण्याकडे वळतो, कारण तुमच्या प्रश्नात ते एका ओळीत येऊन गेले आणि मला तेच सर्वांत महत्त्वाचे वाटले. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक आपल्या सर्वांचे लाडके. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. घरदार, जात, आप्त सगळे सोडून. या धैर्याची प्रवचने मी स्वतः दिली आहेत. पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची "स्मृतिचित्रे" वाचल्यावर माझे प्रवचन बदलले. त्या धैर्याची किंमत त्या माउलीने मोजली. नवरा जिवंत असून दुरावलेला, पदरात मूल, माहेर-सासरच्यांची बोलणी. पंढरपुरात काढलेले ते दिवस त्यांनी इतक्या साध्या शब्दांत लिहिले आहेत की वाचताना गळा दाटतो. पुढे त्या टिळकांकडे परतल्या, तरी धर्म त्यांचा त्यांच्यापाशी होता, सोवळेओवळे चालू होते. टिळकांनी जबरदस्ती केली नाही, वाट पाहिली. जातीभेद माणसाने केलेला आहे हे लक्ष्मीबाईंना स्वतःच्या विचाराने उमगले आणि १९०० साली त्यांनी आपल्या पायांनी येऊन बाप्तिस्मा घेतला. टिळकांच्या चरित्रात मला त्या पाच वर्षांच्या वाट पाहण्यात फार मोठे धैर्य दिसते. आपण ज्याला सत्य मानतो ते आपल्याच बायकोला पटलेले नाही, आणि तरी तिला तिचा वेळ द्यायचा!

तेव्हा पत्नी "थांबू" म्हणतात त्याला लगेच विश्वासाची उणीव म्हणू नका. त्यांना कशाची भीती वाटते ते विचारा. घरमालक खोली रिकामी करायला सांगेल? मुलाला शाळेत चिडवतील? रात्री तुम्ही परत येईपर्यंत त्या एकट्या असतात? यातल्या प्रत्येक भीतीवर वेगळा उपाय असतो. "प्रभू सांभाळेल" हे एकच उत्तर सगळ्यांना देणे म्हणजे न ऐकणे.

आणि मावशी. तुमच्या पत्रात त्यांचा उल्लेख आहे तो फक्त घर त्यांचे म्हणून. भाऊ, मी हे जरा कडक सांगतो. आपण प्रचारक येतो आणि मोटारसायकलला किक मारून जातो. ज्याच्या घरी सभा भरली त्याचे घर तिथेच राहते. नळावर पाण्याला तिथेच जायचे असते, दळण तिथेच टाकायचे असते, शेतावर मजुरीला त्याच लोकांकडे जायचे असते. मेल्यावर मातीही तिथेच हवी असते. २०२५ च्या जानेवारीत छत्तीसगडमध्ये एका ख्रिस्ती पाळकाचा मृतदेह जवळजवळ तीन आठवडे शवागारात राहिला, कारण त्यांच्या गावात त्यांना पुरू द्यायला विरोध झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, दोन न्यायमूर्तींची मते वेगळी पडली आणि अखेर दुसऱ्या गावच्या ख्रिस्ती दफनभूमीत दफन करण्याचा आदेश झाला. विरोध म्हटला की आपल्याला दगड आणि काठ्या दिसतात. खेड्यात तो बहुतेक वेळा असा येतो. म्हणून सभा पुढे चालू ठेवायची की नाही हे ठरवताना पहिला शब्द मावशींचा असला पाहिजे.

फिलिप्पैमध्ये पौलाने काय केले ते या नजरेने पाहा. फटके बसले, खोड्यात पाय अडकवले, रात्री भूकंप झाला, सकाळी अधिकाऱ्यांचा निरोप आला की गुपचूप निघून जा. पौल म्हणाला, आम्ही रोमी नागरिक, चौकशी न करता आम्हाला उघड फटके मारले, आणि आता गुपचूप घालवता? त्यांनी स्वतः यावे आणि आम्हाला बाहेर न्यावे. हा मानापमानाचा प्रश्न होता असे मला वाटत नाही. पौल तर शहर सोडणारच होता. मागे त्यांना आसरा देणाऱ्या लुदियाचे घर राहणार होते, त्या रात्री विश्वास ठेवलेला तुरुंगाधिकारी राहणार होता. शहराच्या अधिकाऱ्यांनी जाहीरपणे नमते घेतले तर मागे राहिलेल्यांना थोडे सुरक्षित जगता येणार होते. हक्क वापरायचा तो मागे राहणाऱ्यांसाठी. आणि तोच पौल दिमिष्कात (दमास्कसमध्ये) पाटीत बसून तटावरून खाली उतरला आणि निसटला, कारण तिथे जीवावर बेतले होते. पळणे कधी आणि उभे राहणे कधी याचे एक सूत्र शास्त्रात नाही. येशूनेही शिष्यांना सांगितले होते की एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावी पळून जा.

इथवरचे मी तीन ओळींत सांगतो, म्हणजे पुढचे कामाचे बोलता येईल. भीती हे पाप नाही. जे बोलतो ते कुठेही, कुणासमोरही बोलता येईल असे असावे. आणि आपल्या धैर्याची किंमत कोण मोजते ते पाहून पाऊल टाकावे.

कायद्याचे थोडक्यात. राज्यघटनेच्या २५ व्या अनुच्छेदात धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रचार करण्याचा हक्क आहे, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत. "प्रचार" हा शब्द ठेवावा की काढावा यावर संविधान सभेत डिसेंबर १९४८ मध्ये वाद झाला, आणि तो ठेवावा म्हणून बोलणाऱ्यांत कन्हैयालाल मुनशी आणि टी. टी. कृष्णम्माचारी यांच्यासारखे हिंदू सभासद होते, हे आपण कृतज्ञतेने लक्षात ठेवावे. पुढे १९७७ साली मध्य प्रदेश आणि ओडिशाच्या कायद्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की प्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. सांगा, समजावा, निर्णय ऐकणाऱ्याचा. हे कायद्याने सांगितले नसते तरी आपल्या श्रद्धेनेही हेच सांगितले पाहिजे. धर्मांतरासंबंधीचे कायदे राज्याराज्यांत वेगळे आहेत आणि बदलत असतात, म्हणून तुमच्या जिल्ह्यातल्या एखाद्या वकिलाकडून आज काय लागू आहे ते एकदा नीट समजून घ्या आणि तसेच वागा. महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही आहे. चमत्काराच्या नावावर लोकांना फसवणे किंवा घाबरवणे त्यात बसते. तो कायदा मला कधी अडचणीचा वाटला नाही. त्या ताईंच्या प्रसंगानंतर तर मुळीच नाही.

ऐकणाऱ्याशी आणखी एका बाबतीत मोकळे बोलावे लागते, आणि पुष्कळ प्रचारक तिथे अडखळतात. अनुसूचित जातीतला कुणी बाप्तिस्मा घेतो म्हणाला, तर १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच आहे, ख्रिस्ती झाल्यावर तो राहत नाही, हे मी त्याला आधी सांगतो. मुलीची शिष्यवृत्ती, मुलाची नोकरी, सगळे समोर मांडतो. "घरी जा, सहा महिने विचार कर, घरच्यांशी बोल" म्हणतो. काही परत येत नाहीत. मंडळीतले काही माझ्यावर नाराज होतात. पण कागदावर एक आणि रविवारी दुसरे, असे दुटप्पी जगणे मी कुणाच्या गळ्यात घालणार नाही. त्या ओझ्याने माणूस आयुष्यभर भीत जगतो, आणि आपण तर त्याला निर्भय करायला निघालो होतो.

जमाव पुन्हा आला तर? प्रत्येक गावाची तऱ्हा वेगळी, तरी माझ्या अनुभवातून जे टिकले ते सांगतो. दार बंद करून घेऊ नका. बंद दार संशय वाढवते. आपल्यातल्या एकानेच बोलावे, आणि ते कोण हे आधी ठरलेले असावे. मी बाहेर येतो, हात जोडतो, स्वतःचे नाव-गाव सांगतो आणि "आत या, बसा, काय चाललंय ते बघा" म्हणतो. दोनदा लोक खरेच आत येऊन बसले. एकदा त्यांतल्या एकाने आपल्या आजारी आईसाठी प्रार्थना करायला सांगितले. बाकीच्या वेळी शिव्या ऐकल्या. शास्त्रार्थ तिथे करू नका. तापलेल्या माणसाशी वाद जिंकून काही मिळत नाही. बायका-मुलांना आधी सुरक्षित घरी पोचवा. हात उगारला गेला तर ११२ ला फोन करा आणि सभा तिथेच थांबवा. सभा थांबवल्याने प्रभूचे राज्य थांबत नाही. आपल्यातला कुणी तरुण उलट हात उचलायला निघाला तर त्याला घट्ट धरा; त्या एका हाताने मावशींची दहा वर्षे नासतील. दुसऱ्या दिवशी दोन शहाणी माणसे सोबत घेऊन पोलीस ठाण्यात जा आणि काय घडले ते लेखी द्या, वाढवून-चढवून नको. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.

यापेक्षा मोठे काम मात्र जमाव येण्याआधीच करायचे असते. गावात तुम्हाला गुरुवार सोडून कोण ओळखते? सरपंचांकडे, पोलीस पाटलांकडे, शाळेतल्या गुरुजींकडे कधी गेला आहात? मी नव्या गावात आता पहिले सहा महिने सभाच घेत नाही. मयतीला जातो, लग्नाला जातो, पारावर बसतो. मी कोण आहे, कशासाठी येतो हे विचारल्याबरोबर सांगतो, लपवत नाही. बाजारातल्या त्या आजोबांच्या घरी मी आठवड्याने माफी मागायला गेलो होतो. पत्रकांचा उरलेला गठ्ठा आम्ही जाळला हे सांगितले. त्यांनी गाथा काढली. पुढे सोळा वर्षे, ते असेपर्यंत, महिन्यातून एकदा आम्ही बसायचो. ते तुकोबांचा अभंग वाचायचे, मी योहानाच्या शुभवर्तमानातला एखादा भाग. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत आलो असे टिळक सांगत, त्याचा अर्थ मला त्यांच्या ओसरीवर कळला. आजोबा शेवटपर्यंत वारकरीच राहिले. पण एका वर्षी नाताळच्या आदल्या दिवशी आमचा मांडव उखडायला काही पोरे आली, तेव्हा हे काठी टेकत मांडवाच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसले आणि म्हणाले, "हा माणूस काय बोलतो ते मी सोळा वर्षं ऐकतोय. तुम्ही किती दिवस ऐकलंत?" पोरे निघून गेली. प्रत्येक गावात असे आजोबा भेटतीलच असे नाही, हेही मी जाणून आहे.

आणि कुष्ठरोग्यांची सेवा करणारे ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहॅम स्टेन्स यांचे नाव तुमच्या वडीलधाऱ्यांनी घेतले असेल, तर एक विनंती. १९९९ च्या जानेवारीत ओडिशातल्या मनोहरपूरला ते आणि त्यांची १० आणि ६ वर्षांची मुले गाडीत जाळली गेली. ती गोष्ट कुणा तरुणाला चौकात ढकलण्यासाठी वापरू नये. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली आणि पुढे काही वर्षे बारीपदाच्या त्याच कुष्ठरोग्यांच्या सेवेत राहिल्या. रोज सकाळी उठून जखमा धुण्याचे ते धैर्य तुमच्या-माझ्या आवाक्यातले आहे. मागायचे तर ते मागा.

तुमचे पुढचे पाऊल मी असे सुचवतो. चौक नको. या आठवड्यात, सभेचा वार टाळून, पत्नीला सोबत घेऊन मावशींकडे जा. पेटी, ढोलकी, शास्त्र काही नेऊ नका. त्या दिवसानंतर त्यांच्याशी गावात कोण बोलते, कोण बोलत नाही, मजुरीला बोलावतात का, रात्री झोप लागते का, हे ऐकून घ्या. ज्या मुलाने ढोलकी फेकली तो कुणाचा हेही त्यांना ठाऊक असेल. त्याच्या आईला भेटता येईल का ते विचारा. मग सभेचे त्यांनाच ठरवू द्या. त्या "नको" म्हणाल्या तर मनात न आणता दर गुरुवारी तुमच्या स्वतःच्या घरी दार उघडे ठेवून बसा, पत्नीची तयारी झाल्यावर. "हो" म्हणाल्या तर पुढच्या गुरुवारी अंधार पडायच्या आत जा, आणि जाताना पोलीस पाटलांच्या दारात दोन मिनिटे थांबून कुठे चालला आहात ते त्यांना सांगून जा.